सुप्रजेची कल्पना: विवाहापासून भ्रूणापर्यंत

संततीचे गुणदोष नशिबावर न सोडता माणसाने ते आपल्या हाती घ्यावेत, हा विचार जनुकांचा शोध लागण्यापूर्वीचा आहे. फ्रान्सिस गाल्टन याने १८८३ साली त्याला ‘यूजेनिक्स’ असे नाव दिले आणि मराठीत तो ‘सुप्रजाजनन’ या नावाने, संततिनियमनाच्या वादाचे बोट धरून आला. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले व १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले. त्याच वर्षी ना. सी. फडके यांनी भारतात सुप्रजाजननाची चळवळ उभी राहावी असा आग्रह धरणारे इंग्रजी पुस्तक लिहिले, ज्याला अमेरिकेतील संततिनियमनाच्या पुरस्कर्त्या मार्गारेट सँगर यांची प्रस्तावना होती. कर्व्यांचा भर व्यक्तीच्या, विशेषतः स्त्रीच्या, स्वातंत्र्यावर होता, तर फडक्यांच्या मांडणीत राष्ट्राला सुदृढ प्रजा मिळावी ही चिंता वरचढ होती. विवाह आणि गर्भनिरोध यांपलीकडे आनुवंशिकतेला हात घालण्याचे साधन मात्र दोघांपैकी कोणाकडेच नव्हते, आणि म्हणून या विचारातील धोका महाराष्ट्रात तरी बराच काळ कागदावर राहिला.

जर्मनीत तो कागदावर राहिला नाही. बर्लिनमध्ये १९२७ साली मानववंश, आनुवंशिकता व सुप्रजाजनन यांच्या अभ्यासासाठी स्थापन झालेल्या संस्थेत, ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली, र. धों. कर्वे यांच्या भावजय इरावती कर्वे यांनी संशोधन केले. कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतील विषमता गोऱ्या वंशात अधिक असावी आणि तिचा बुद्धीशी संबंध असावा, अशी फिशर यांची अटकळ होती. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि वंशाचा व विषमतेचा संबंध आढळत नाही, असा निष्कर्ष मांडला. पुढे १९३३ मध्ये त्या देशात सक्तीच्या नसबंदीचा कायदा झाला. कोणता गुण ‘चांगला’ हे ठरवणाऱ्याच्या मनात आधीच एक उतरंड असते आणि मोजपट्टी नंतर येते, हे त्या संस्थेच्या इतिहासावरून जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच दुसरीकडे दिसते.

पिके आणि जनावरे यांच्या बाबतीत मात्र अशी निवड रोजचीच आहे. पुणे जिल्ह्यातील नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यातील सणसर, भवानीनगर, बारामती या भागाला आनुवंशिक निवड अपरिचित नाही, कारण उसाचे सुधारित वाण आणि संकरित गायी यांच्या रूपाने ती शेतात व गोठ्यात केव्हाच स्थिरावली आहे. नीरेपलीकडे फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने तर सुंदरबनातील गारोळ मेंढीत आढळणारे, जुळ्या कोकरांना कारणीभूत होणारे जनुक दख्खनी मेंढीत संकराने आणले आणि रक्तातील डीएनएच्या तपासणीने ते कोणत्या पिलात उतरले हे ओळखून ‘नारी सुवर्णा’ हा कळप घडवला. येथे उद्दिष्ट उघड आहे: मेंढपाळाचा फायदा, आणि जी पैदास उपयोगाची ठरली नाही ती विकून टाकण्याची मुभाही त्याला आहे. माणसाच्या बाबतीत फायदा कोणाचा, हा प्रश्न इतक्या सरळपणे सुटत नाही, आणि फसलेला प्रयोग मागे घेण्याची वाट तर मुळीच नसते.

हा प्रश्न महाराष्ट्रापुढे प्रत्यक्ष उभा राहिला तो गर्भजलपरीक्षेमुळे. गर्भाभोवतीच्या पाण्यातील पेशी सुईने काढून त्यांची गुणसूत्रे तपासण्याची ही पद्धत १९७० च्या दशकात भारतात आली ती आनुवंशिक व्यंगे ओळखण्यासाठी. परंतु गुणसूत्रे पाहिली की मुलगा की मुलगी हेही कळते, आणि थोड्याच वर्षांत तेवढ्यासाठीच ती करून घेतली जाऊ लागली. मुंबईतील ५० स्त्रीरोगतज्ज्ञांच्या १९८६ मधील एका पाहणीत ४२ जण लिंगनिदानासाठी ही परीक्षा करत असल्याचे आढळले. स्त्री-संघटना व आरोग्य-कार्यकर्ते यांच्या रेट्यामुळे महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशातला पहिला प्रतिबंधक कायदा केला, १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला, आणि तो नीट अमलात येत नाही म्हणून ‘सेहत’ ही आरोग्य-संशोधन संस्था, पुरंदर तालुक्यात काम करणारी ‘मासूम’ ही संघटना आणि कार्यकर्ते डॉ. साबू जॉर्ज यांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतल्यावर २००३ मध्ये गर्भधारणेपूर्वीच्या निवडीलाही बंदी झाली. या काळात राज्यातील सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे मुलींची संख्या १९९१ मधील ९४६ वरून २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ झाली. कोणत्याही सरकारने सक्ती केली नव्हती. प्रत्येक कुटुंबाने आपापल्या हिताचा विचार करून, पैसे मोजून, स्वेच्छेने निर्णय घेतला होता, आणि त्या स्वेच्छेमागे हुंडा, वारसा व सासरचा धाक उभा होता. सुप्रजाजननाचे जुने टीकाकार सरकारी सक्तीला भीत असत; महाराष्ट्राचा अनुभव असा की तीच उतरंड बाजारातूनही तितक्याच परिणामकारकपणे चालते.

दरम्यान ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा व डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बेबी जन्मली आणि भ्रूण शरीराबाहेर हाताळता येऊ लागला. त्यातील काही पेशी तपासून निरोगी भ्रूणच गर्भाशयात ठेवणे, म्हणजे रोपणपूर्व निदान, हा पुढचा टप्पा. २०२१ च्या सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायद्याने तो ज्ञात आनुवंशिक रोगांपुरता मान्य केला आहे.

निवड येथे संपते आणि बदल सुरू होतो. जेनिफर डाउडना व इमान्युएल शार्पाँतिए यांनी २०१२ मध्ये मांडलेल्या ‘क्रिस्पर’ पद्धतीत एक मार्गदर्शक रेणू डीएनएतील नेमकी जागा शोधतो आणि विकर तेथे काप घेते. काप घेणे सोपे असते. तो कसा जुळून येईल हे पेशीच्या स्वतःच्या दुरुस्तीयंत्रणेवर सोपवावे लागते, आणि तेथेच धोका आहे. भलत्याच जागी काप जाणे, योग्य जागी जाऊनही गुणसूत्राचा मोठा तुकडा गळणे, आणि भ्रूणाच्या काही पेशी बदलणे व काही तशाच राहणे, हे तिन्ही प्रकार मानवी भ्रूणांवरील प्रयोगांत दिसले आहेत. तपासणीसाठी काढलेली पेशी उरलेल्या पेशींसारखीच असेल याची हमी नसल्यामुळे मूल जन्मण्याआधी खात्री करण्याचा मार्गच उरत नाही. तरीही २०१८ मध्ये चीनच्या हे जियानकुई याने एचआयव्हीला प्रतिकार मिळावा म्हणून सीसीआर-५ हे जनुक बदललेल्या जुळ्या मुली जन्माला घातल्या. वडिलांना एचआयव्ही असला तरी शुक्राणू धुण्याच्या रूढ पद्धतीने मुलांचा बचाव होऊ शकतो, त्यामुळे वैद्यकीय गरज अशी नव्हतीच. त्याला २०१९ च्या अखेरीस तीन वर्षांची कैद झाली. रोगनिवारणाच्या नावाखाली वेगळीच हौस भागवण्याचा हा प्रकार गर्भजलपरीक्षेचा इतिहास ठाऊक असलेल्यांना ओळखीचा वाटावा.

रोग कशाला म्हणावे, हेही वाटते तितके ठरलेले नाही. अमेरिकेत २०१७ मध्ये ज्या एमवायबीपीसी-३ या हृदयस्नायूशी संबंधित जनुकातील दोष भ्रूणात दुरुस्त केल्याचा दावा झाला, त्याच जनुकातील एक वेगळा बदल भारतीय उपखंडातील सुमारे ४ टक्के लोकांत असल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले होते. त्याने उतारवयात हृदयविकाराचा धोका वाढतो, पण तो बाळगणारे कोट्यवधी लोक ‘सदोष’ ठरवायचे काय? सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक रोगाचे जनुक तर एकाच पालकाकडून आले असता मलेरियापासून संरक्षण देते.

सिकलसेल नंदुरबार, गडचिरोली, चंद्रपूरच्या आदिवासी भागांत खरे दुःख देतो, आणि भ्रूणसंपादनाच्या बाजूने हेच उदाहरण पुढे केले जाते. परंतु आई-वडील दोघे वाहक असले तरी दर गर्भधारणेत मुलाला रोग होण्याची शक्यता चारात एक असते, म्हणजे निरोगी भ्रूण निवडता येतो. संपादनाशिवाय गत्यंतर नाही अशी स्थिती दोघांनाही प्रत्यक्ष रोग असेल तेव्हाच येते. शिवाय २०२३ मध्ये ब्रिटन व अमेरिकेने मंजूर केलेल्या उपचारात रुग्णाच्या स्वतःच्या अस्थिमज्जेतील पेशी संपादित केल्या जातात. त्यात संमती त्या रुग्णाची असते आणि बदल पुढच्या पिढीत जात नाही. त्याची अमेरिकेतील किंमत सुमारे २२ लाख डॉलर आहे, आणि नंदुरबारमधील धडगाव-अक्कलकुव्याच्या रुग्णाच्या दृष्टीने खरा नैतिक प्रश्न तो आकडाच आहे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ व २०१९ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी वंशपरंपरेने उतरणाऱ्या जनुकीय बदलांना मनाई केली असून प्रयोगशाळेतील भ्रूणावरील अभ्यासही १४ दिवसांपुरता सीमित केला आहे. ही मनाई तत्त्वांतील आहे, तिच्यासाठी संसदेने स्वतंत्र कायदा केलेला नाही. लिंगनिवडीविरुद्ध तर कैदेची तरतूद असलेला कायदा होता, आणि तरीही राज्यातील मुलींचा आकडा २०११ पर्यंत घसरतच गेला.