माळवदाखालचा उजेड

वाड्याचं चित्र काढायला बसलेल्या चित्रकाराने सर्वांत आधी भिंतीची जाडी पाहावी. दरवाज्याची नक्षी, महिरपी, दिंडीवरचे खिळे हे सगळं नंतर. नांदेड-लातूरकडच्या जुन्या घरात दगड-मातीची भिंत दीड-दोन हात जाड असते. आत सागवानी खांब, त्यांवर तुळया, तक्तपोशी आणि सगळ्यांवर पांढऱ्या मातीचं माळवद. ढाळजेतून आत पाऊल टाकलं की वैशाखातही गार वाटतं. उजेड मात्र मोजूनमापून मिळतो. एक दरवाजातून येणारा आणि दुसरा माळवदाला ठेवलेल्या भोकातून खाली उतरणारा. हा दुसरा उजेड दिवसभर सारवलेल्या जमिनीवरून सरकत जातो आणि बळदाच्या तोंडाशी विरतो. या घरातला अंधारही काळा नसतो. त्यात धुराचा तपकिरी रंग असतो, शेणाचा हिरवट रंग असतो, कोनाड्यातल्या तांब्या-पितळेची एखादी तिरीप असते. हा अंधार ज्याला रंगवता आला त्याला घर रंगवता आलं, असं मी मानतो.

वास्तववादी चित्रकला ही परदेशी रीत, साहेबाने मुंबईच्या सर जे. जे. स्कूलमध्ये शिकवलेली, असं आपण सहज म्हणून जातो. अर्धं खरं आहे ते. पेस्तनजी बोमनजींचं उदाहरण घ्या. 1851 साली जन्मलेला हा पारशी चित्रकार जे. जे.मधले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांच्या हाताखाली अजिंठ्याच्या नकला करणाऱ्या विद्यार्थ्यांत होता. 1872 ते 1885 या काळात चाललेलं हे काम तेव्हाच्या निजामी मुलखात, म्हणजे आपल्याच मराठवाड्यात झालं. ग्रिफिथ्स यांच्या आधी मेजर रॉबर्ट गिल यांनी वर्षानुवर्षं खपून केलेल्या नकला 1866 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या होत्या. ग्रिफिथ्स यांच्या चमूच्याही कितीतरी नकला 1885 साली साउथ केन्सिंग्टनच्या आगीत गेल्या. पण त्या निमित्ताने लेण्यांच्या अंधारात घडलेली पेस्तनजींची नजर काही जळाली नाही. पोपटाला भरवण्याचा घरगुती प्रसंग रंगवणारं त्यांचं 1882चं तैलचित्र पाहताना मला अजिंठा आठवतो. रेषा किंवा रंग मुळीच सारखे नाहीत, तरीही आठवतो.

अजिंठ्याचा चित्रकार गोष्ट सांगतो ती घरातून. सतराव्या लेण्यातलं वेस्संतर जातक पाहा. राजपुत्र दानापायी राज्याबाहेर निघतो ती सगळी कथा खांबाखांबांच्या मंडपांतून पुढे सरकते. एक मंडप, एक प्रसंग. मधला खांब आला की वेळ बदलली, जागा बदलली. आतल्या माणसांच्या मनात काय चाललंय ते त्यांच्या माना सांगतात आणि गोष्ट कुठवर आली ते वास्तू सांगते. इमारतीला कथेतलं पात्र करण्याची ही विद्या आपल्या मातीत दीड हजार वर्षांपूर्वी होती. जे. जे. स्कूलने तैलरंग दिले, छायाप्रकाशाचं शास्त्र दिलं. खोलीकडून गोष्ट वदवून घेणं मात्र कुणाकडून उसनं आणायची गरज नव्हती.

सावळाराम हळदणकरांची दिवा घेतलेली स्त्री म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. जलरंगातल्या या चित्रात खोली जवळजवळ नाहीच. एका हातात समई, दुसरा हात ज्योतीच्या आड आणि त्या हाताची बोटं आतून उजळलेली. तरीही तिच्यामागचं घर आपल्याला कळतं. वारा कुठून येत असेल, अंधार किती दाट असेल, हे सगळं त्या आडव्या हाताने सांगितलेलं असतं.

आता आपल्या दोन जिल्ह्यांकडे वळू. खजिना उघडा पडलेला आहे. कंधारला राष्ट्रकूटांच्या काळापासूनचा किल्ला, त्याचा पाण्याचा खंदक, गावात क्षेत्रपालाच्या अवाढव्य मूर्तीचे उरलेले तुकडे. देगलूरजवळ होट्टलची चालुक्यकालीन मंदिरं. उदगीरचा किल्ला, ज्याच्या परिसरात 1760च्या फेब्रुवारीत सदाशिवरावभाऊंनी निजामाला नमवलं. नांदेडचा सचखंड गुरुद्वारा, महाराजा रणजितसिंगांच्या काळात 1832 ते 1837 दरम्यान उभा राहिलेला. त्याच्या आतल्या गाभ्यात पुजाऱ्यांखेरीज कुणी जात नाही, म्हणजे चित्रकाराला उंबरठ्याशी थांबून आतलं तेज बाहेरच्यांच्या चेहऱ्यांवर रंगवावं लागेल. लातूरची 1917ची गंजगोलाई, मधोमध अंबाबाईचं देऊळ आणि भोवती फुटलेले सोळा रस्ते. सोनारापासून गुळाच्या अडतीपर्यंत प्रत्येक रस्त्याचा धंदा वेगळा. गोलाईचं चित्र एका जागी बसून काढताच येत नाही. ते फिरत काढावं लागेल.

पण हे सगळं असूनही लातूरकडचं घर रंगवणाऱ्यापुढे जो प्रश्न आहे तो पुण्याचा वाडा रंगवणाऱ्यापुढे नाही. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे, चारला काही मिनिटं कमी असताना, किल्लारीच्या भूकंपाने लातूर-धाराशिवची गावं आडवी केली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बोळवून माणसं झोपली होती. हजारोंनी जीव गमावला, पन्नासहून अधिक गावं नव्या जागी वसवावी लागली. माणसं मेली ती याच जाड भिंतींखाली, याच माळवदाखाली. मातीत रचलेल्या गोल दगडांना आरपार सांधणारा दगड नव्हता, म्हणून भिंतीचे दोन पदर फुटून सुटे झाले. गळती थांबवायला दर पावसाळ्याआधी नवी माती टाकत गेल्याने पिढ्यांगणिक छताचं ओझं वाढलं होतं. काही घरांत भिंती कोसळूनही खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला. जे घर उन्हापासून वाचवत होतं त्याच्या गारव्याचं आणि त्याच्या घाताचं कारण एकच होतं, त्याचं वजन.

त्यानंतर आपल्याकडे दगडाच्या घराची धास्ती बसली. ती अगदी रास्त होती. जुने वाडे सोडले गेले, लाकूड विकलं गेलं, पत्रा आणि स्लॅब आले. म्हणूनच कॅलेंडरवरचा गोड वाडा, तुळशीवृंदावन आणि झोपाळ्यावरची आजी असं चित्र इकडे कुणी काढलं तर मला ते पटत नाही. ते दुसऱ्या कुठल्या गावाचं चित्र आहे. आणि निव्वळ ढिगाऱ्याची चित्रंही पुरी पडत नाहीत, कारण त्यात ते घर शेकडो वर्षं माणसांना का आवडलं, हे येतच नाही.

वास्तववादी चित्रकाराची खरी कसोटी इथे आहे. त्याच खोलीत गारवाही दिसला पाहिजे आणि डोक्यावरचा भारही. छायाचित्र एका क्षणाचं असतं, वास्तुविशारदाचा नकाशा मापांचा असतो. तुळई वाकलेली आहे आणि तिच्याखाली बाई निवांत दळण निवडते आहे, हे दोन्ही एका नजरेत तोलून धरणं रंगांनाच जमतं, कारण चित्रकार त्या खोलीत तासन्‌तास बसलेला असतो.

लातूर-नांदेडच्या तरुण चित्रकारांना माझं सांगणं आहे की उरलेल्या वाड्यांत जाताना स्केचबुकासोबत वेळही न्या. घरातल्या वडीलधाऱ्या बाईला विचारा, बाळंतिणीची खोली कोणती होती, ज्वारी कुठे भरायची, आणि रात्री कोण कुठे झोपायचं. भूकंपातून वाचलेल्या घरात या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तिला खोलीखोलीसह, नावानिशी ठाऊक असतं. खांब कुठे काढायचा आणि उजेड कुणावर पाडायचा, हे त्यानंतर ठरवा.