कुरण आणि कुंपण

डोंगरातील गाव म्हटले की शहरवासी लेखकाची लेखणी फार लवकर हळवी होते. तेथे माझेतुझे नाही, सारेच सर्वांचे, असे चित्र तो रंगवू लागतो. स्वित्झर्लंडच्या व्हाले प्रांतात, सुमारे १५०० मीटर उंचीच्या उतारावर, ट्योर्बेल नावाचे एक खेडे आहे. त्याचा इतिहास पाहिला म्हणजे हा भ्रम टिकत नाही. तेथे माझेतुझे पुरेपूर होते. घर, शेत, गवताची जमीन ही ज्याची त्याची. उंचावरील उन्हाळी कुरण व रान मात्र सर्वांचे. या सामाईक मालमत्तेची व्यवस्था गावकऱ्यांनी १४८३ साली रीतसर लेखी करार करून लावली.

पुढे १५१७ सालचा त्यांचा एक नियम आहे; तो आम्हांला कित्येक नीतिग्रंथांहून मोलाचा वाटतो. हिवाळ्यात ज्याला जितक्या गाई पोसता येतील, तितक्याच त्याने सामाईक कुरणावर धाडाव्यात. तेथील हिवाळा म्हणजे बर्फ, आणि गुरे गोठ्यात. त्या दिवसांसाठी उन्हात गवत कापून, वाळवून, साठवून ठेवण्याचे कष्ट ज्याचे त्याने करावयाचे. अर्थात् भोगाचे माप कष्टाने ठरले. (गावकरी भाबडे मुळीच नव्हते. जास्त गाई धाडणाऱ्यास दंड होई, आणि तो वसूल करणाऱ्या कारभाऱ्यास त्यातील निम्मा मिळे!) सामाईक कुरणाचा नाश अटळ आहे, असे गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली प्रतिपादिले; एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० सालच्या आपल्या ग्रंथात त्याविरुद्ध याच गावाचा दाखला दिला, तो उगाच नव्हे.

परंतु १४८३ च्या करारात आणखी एक कलम आहे. परक्याने गावात जमीन विकत घेतली, तरी सामाईक कुरणावर वा रानातील लाकडावर त्याला हक्क नाही. स्तुतिपाठक ही दोन्ही कलमे एकाच शहाणपणाची म्हणून सांगतात. आमच्या मते ती एका जातीची नव्हेत. एक विचारते, तू काय कष्ट केलेस? दुसरे विचारते, तू कोणाचा? आपल्याकडेही मिरासदार आणि उपरी हा भेद होताच. परक्याने गवत कापले, बर्फात गाई जगविल्या, तर पहिल्या नियमाने तो पात्र ठरतो. दुसरा त्याला वेशीवरच अडवितो.

यावर कोणी म्हणेल, दार उघडे असते तर खोऱ्यातील एखाद्या धनिकाने जमीन घेऊन कळपच्या कळप वर लोटले असते. भीती खरी आहे. जमीन घेणारा प्रत्येक जण हिवाळा तेथे काढीलच असे नाही, हेही आम्ही मान्य करतो. पण मग अट हिवाळ्याचीच घालावयाची होती. अमुक इतके हिवाळे येथे काढ, आमच्याबरोबर गवत काप, आणि मग तुझ्या गाई वर धाड, असे त्याला सांगता आले असते.