तुल्य सुखांतली निवड

दोन पर्याय सारखेच चांगले असतील, तर त्यांतला एक कशाच्या बळावर निवडावा, हा तत्त्वज्ञानातला जुना प्रश्न आहे. चांगले आणि वाईट यांतली निवड आचरायला कठीण असली तरी तिचा निकष ठाऊक असतो. चांगले आणि चांगले यांतल्या निवडीत निकषच हाती लागत नाही. या प्रश्नाची चर्चा बहुधा लग्न, व्यवसाय, स्थलांतर अशा मोठ्या निर्णयांच्या आधाराने होते. पण मोठ्या निर्णयांभोवती भीती, कर्तव्य आणि लोकलाज यांचे दाट आवरण असते आणि निवडीची मूळ रचना त्याखाली झाकली जाते. सहलीतल्या एका संध्याकाळी महागड्या जेवणाची जागा ठरवणे हे त्या मानाने लहान काम आहे, म्हणूनच ते अभ्यासाला सोयीचे आहे.

अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात ऑरलँडो शहराजवळ वॉल्ट डिस्ने वर्ल्ड १ ऑक्टोबर १९७१ रोजी सुरू झाले. आज तेथे चार मोठी थीम पार्क आहेत आणि त्या परिसरात अनेक उंची स्टेकहाउस आहेत. १९८२ साली उघडलेल्या एपकॉट या पार्कमधल्या कॅनडा दालनात ‘ल सेलिए’ आहे. दगडी तळघरासारखी रचना, मंद उजेड आणि चेडर चीजचे सूप ही त्याची ओळख. तेथे जेवायचे तर पार्कचे प्रवेशपत्रही लागते. एपकॉटच्या मागच्या दारापासून चालत जाता येईल अशा अंतरावर यॉट क्लब हॉटेलात ‘यॉट्समन’ आहे. त्याच्या दर्शनी भागात काचेआड मुरत ठेवलेले मांस पाहायला मिळते. ‘स्टेकहाउस ७१’ हे डिस्ने वर्ल्डच्या पन्नासाव्या वर्षी, २०२१ मध्ये, कंटेम्पररी हॉटेलात सुरू झाले आणि त्याच्या नावात संस्थेचे स्थापनावर्ष आहे. फोर सीझन्स हॉटेलच्या सतराव्या मजल्यावरच्या ‘कापा’ची पाककला स्पॅनिश वळणाची आहे. २०२२ मध्ये मिशेलिनची पहिली फ्लोरिडा मार्गदर्शिका निघाली, तेव्हा त्याला एक तारा मिळाला. तेथून रात्रीची आतषबाजीही दिसते.

या परिसरातल्या लोकप्रिय उपाहारगृहांत ऐनवेळी जागा मिळणे अवघड असते. डिस्नेच्या स्वतःच्या उपाहारगृहांसाठी आरक्षण साठ दिवस आधी खुले होते. त्यामुळे पर्यटकाला दोन महिन्यांनंतरच्या आपल्या भुकेचा, थकव्याचा आणि मनःस्थितीचा अंदाज आजच करावा लागतो. एरवी चालता चालता झाला असता असा निर्णय येथे विचाराचा विषय होतो. कुटुंबाच्या आयुष्यात अशी सहल एकदाच घडणार असेल, तर ‘सर्वोत्तम’ जागाच मिळाली पाहिजे हा आग्रह आणखी वाढतो.

तुल्य पर्यायांपुढे बुद्धी थबकते, हे प्राचीनांच्या लक्षात आले होते. अ‍ॅरिस्टॉटलने आकाशाविषयीच्या ग्रंथात सारखाच भुकेला आणि सारखाच तहानलेला असा माणूस कल्पिला आहे. अन्न आणि पाणी त्याच्यापासून समान अंतरावर आहेत आणि कोणत्याही एका बाजूला वळायला त्याला कारण मिळत नाही. अकराव्या शतकाच्या अखेरीस अल-गझालीने दोन अगदी सारख्या खजुरांचे उदाहरण घेतले आणि उलट निष्कर्ष काढला. भुकेला माणूस त्यांतला एक उचलतोच, तेव्हा सारख्या गोष्टींत भेद करण्याचे सामर्थ्य इच्छाशक्तीत असले पाहिजे, असे त्याचे म्हणणे. युरोपात हा प्रश्न दोन समान गवताच्या ढिगांमध्ये उपाशी मरणाऱ्या गाढवाच्या रूपाने प्रसिद्ध झाला. ते गाढव पॅरिसच्या चौदाव्या शतकातल्या जाँ बुरिदान या पंडिताच्या नावावर जमा आहे, पण त्याच्या उपलब्ध लिखाणात ते कोठेही आढळत नाही. लायब्निझने १७१० च्या ‘थिओडिसी’त निराळा मार्ग काढला. सृष्टीचे दोन तंतोतंत सारखे भाग कधीच पडत नाहीत, म्हणून खरी तुल्यता प्रत्यक्षात संभवत नाही, असे त्याने मांडले.

लायब्निझचे म्हणणे स्टेकहाउसांना लागू पडते. त्यांत भेद नाही अशी अडचण नाहीच, उलट भेद पुष्कळ आहेत. म्हणून पुढचा प्रश्न असा की या भेदांची प्रतवारी लावता येईल काय? काही अंशी येते. अमेरिकेचा कृषी विभाग गोमांसाची प्रतवारी करतो. स्नायूंत पसरलेली चरबी आणि जनावराचे वय पाहून प्राइम, चॉइस, सिलेक्ट अशा प्रती ठरतात. मांस थंड कोरड्या हवेत काही आठवडे मुरवले, की पाणी उडून चव दाटते आणि मांसातलीच विकरे तंतू मऊ करतात. पाठीच्या आतल्या भागाचा फिले मिन्याँ मऊ आणि कमी चरबीचा असतो, तर बरगडीजवळच्या रिबआयमध्ये चरबी आणि चव दोन्ही अधिक. या गोष्टी कोणाच्याही आवडीवर अवलंबून नाहीत.

डेव्हिड ह्यूमने १७५७ च्या रुचिविषयक निबंधात याच दिशेने विचार केला. ‘डॉन किहोटे’तल्या सँचोच्या दोन नातलगांची गोष्ट त्याने आधाराला घेतली. एकाला मद्यात चामड्याची चव लागते, दुसऱ्याला लोखंडाची. लोक दोघांनाही हसतात, आणि पिंप रिकामे झाल्यावर तळाशी चामड्याची वादी अडकवलेली किल्ली सापडते. रुची तयार करता येते, सराव, तुलना आणि पूर्वग्रहांपासून मुक्ती यांनी ती सूक्ष्म होते, आणि जाणत्यांच्या मताला वजन असते, असे ह्यूमने यातून दाखवले. कांटने १७९० मध्ये याला मर्यादा घातली. सौंदर्याविषयी बोलताना माणूस इतरांच्या संमतीची अपेक्षा धरतो, पण जिभेच्या सुखाविषयी प्रत्येकाने ‘मला आवडते’ एवढेच म्हणावे, असे त्याचे मत होते. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी टिकते. मांस नीट मुरले आहे की नाही हे जाणता सांगू शकतो. तळघराचा शांत अंधार बरा की सतराव्या मजल्यावरचे मोकळे आकाश, याचा निवाडा त्याच्या अखत्यारीत येत नाही.

म्हणजे गुणांचे मोजमाप एका पट्टीवर होत नाही. या अवस्थेचे नेमके वर्णन रूथ चँग या तत्त्वज्ञ विदुषीने २००२ मध्ये केले. त्यामागची युक्ती ‘ल सेलिए’ आणि ‘यॉट्समन’ यांना लावून पाहता येते. एखाद्याला दोन्ही सारखीच वाटतात असे धरू. आता त्यांतल्या एकाचे बिल थोडे कमी झाले. दोन्ही खरोखर समान असती तर एवढ्याने पारडे झुकायला हवे होते. पण बहुतेक वेळा झुकत नाही आणि घोळ तसाच राहतो. याचा अर्थ ती समान नव्हती. एक दुसऱ्यापेक्षा सरस नाही, हीन नाही आणि समानही नाही, असा चौथा संबंध तुलनेत असतो, असे चँग म्हणतात. हा युक्तिवाद मान्य केला तर एक महत्त्वाची गोष्ट हाती येते. अशा ठिकाणी अधिक माहिती गोळा करून निर्णय होत नाही. आणखी दहा अभिप्राय वाचून, आणखी शंभर छायाचित्रे पाहून घोळ मिटेल ही आशा फोल आहे. माहितीची उणीव हे त्या घोळाचे कारणच नसते.

अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट सायमन यांनी याच गाठीवर व्यवहारातला उपाय सुचवला. माणसाचा वेळ आणि आकलन मर्यादित असल्याने त्याने सर्वोत्तमाचा शोध सोडावा, ‘पुरेसे चांगले’ म्हणजे काय ते आधी ठरवावे आणि त्या कसाला उतरणारा पहिला पर्याय घ्यावा, हा विचार त्यांनी १९५६ मध्ये मांडला. १९७८ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. पुढे २००० मध्ये शीना अय्यंगार आणि मार्क लेपर यांचा जॅमचा प्रयोग गाजला. चोवीस प्रकार मांडले तेव्हा थांबून पाहणाऱ्यांपैकी सुमारे तीन टक्के ग्राहकांनी खरेदी केली, सहाच मांडले तेव्हा सुमारे तीस टक्क्यांनी. नंतरच्या अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला तेव्हा हा परिणाम सर्वत्र दिसत नसल्याचे आढळले. म्हणून पर्याय वाढले की सुख घटतेच, असा नियम करता येत नाही. सायमन यांचा सल्ला मात्र त्या नियमावर अवलंबून नाही. तो माणसाच्या मर्यादेवर उभा आहे आणि ती मर्यादा खरी आहे.

तरीही ‘पुरेसे चांगले’ कशासाठी पुरेसे, हा प्रश्न उरतो. येथे अ‍ॅरिस्टॉटलच्या नीतिशास्त्राकडे वळावे लागते. माणूस साधनांचा विचार करतो, साध्य त्याने आधी धरलेले असते, हे त्या ग्रंथाच्या तिसऱ्या भागातले सूत्र आहे. वैद्य रोग्याला बरे करावे की नाही याचा खल करत नाही, कसे बरे करावे याचा करतो. ‘कोणते स्टेकहाउस चांगले’ हा प्रश्न सुटत नाही, कारण त्यात साध्य सांगितलेलेच नसते. जेवण कशासाठी आहे हे ठरले, की उत्तर पुष्कळदा आपोआप पुढे येते. दिवसभर एपकॉटमध्ये चालून मुले दमली असतील तर पार्कच्या आतलेच ‘ल सेलिए’ योग्य. पार्कचे तिकीट न काढता एक निवांत संध्याकाळ हवी असेल तर ‘यॉट्समन’. लग्नाचा पंचविसावा वाढदिवस असेल आणि खर्चाची तयारी असेल तर ‘कापा’. तुलना जेथे थकते तेथे प्रयोजन काम करते.

प्रयोजन एकट्याचे नसते, हा पुढचा पेच. सहलीला बहुधा कुटुंब जाते आणि प्रत्येकाचा पसंतिक्रम वेगळा असतो. आई, वडील आणि मुलगी अशा तिघांनी तीन जागांचे क्रम वेगवेगळे लावले, तर दोन-दोन जागांवर मत घेताना पहिली दुसरीला हरवते, दुसरी तिसरीला आणि तिसरी पुन्हा पहिलीला, असे होऊ शकते. फ्रेंच विचारवंत काँदॉर्से याने १७८५ मध्ये हा विरोधाभास दाखवला, आणि १९५१ मध्ये केनेथ अ‍ॅरो यांनी त्याला व्यापक सिद्धांताचे रूप दिले. बहुमत नेहमीच सुसंगत निर्णय देईल अशी हमी नाही. त्यामुळे कुटुंबात मोजणीपेक्षा समजुतीला जास्त काम पडते. ज्याचा दिवस आहे त्याच्या मनासारखे करणे, किंवा ज्याला खाण्याची बंधने अधिक आहेत त्याच्या सोयीने ठरवणे, हे मार्ग गणितात बसत नाहीत, पण न्यायाला धरून आहेत.

खाण्याच्या बंधनांचा उल्लेख येताच निवडीची पातळी बदलते. कठोपनिषदात यम नचिकेत्याला श्रेय आणि प्रेय यांतला भेद सांगतो: हितकर ते श्रेय, प्रिय वाटणारे ते प्रेय, आणि विवेकी माणूस दोन्ही पारखून श्रेयाची निवड करतो. दोन स्टेकहाउसांतली निवड ही दोन प्रेयांतली निवड आहे. स्टेक खावा की नाही, हा मात्र श्रेयाचा प्रश्न आहे आणि तो आधी येतो. ऑरलँडोला जाणाऱ्या मराठी कुटुंबांत गोमांस वर्ज्य मानणारे, केवळ शाकाहार घेणारे आणि कोणतेही बंधन न मानणारे एकाच मेजावर बसू शकतात. पाश्चात्त्य विचारातही हा प्रश्न परका नाही. पीटर सिंगर यांनी १९७५ च्या ‘अ‍ॅनिमल लिबरेशन’मध्ये प्राण्यांच्या वेदनेला नैतिक हिशोबात जागा दिली. जिभेच्या सुखासाठी ती वेदना समर्थनीय ठरते काय, हा प्रश्न प्रत्येक विचारी मांसाहारी माणसापुढे आहे. २०१९ पासून डिस्नेने आपल्या अमेरिकी पार्कांतल्या उपाहारगृहांत वनस्पतिजन्य पदार्थ ठळकपणे वाढवले. त्यामुळे एका मेजावर बसताना कोणाला श्रद्धा किंवा तत्त्व मोडावे लागत नाही, ही समाधानाची बाब आहे.

श्रेयाचा प्रश्न सोडवून जो त्या मेजावर बसतो त्याला एपिक्युरसचा विवेक उपयोगी पडतो. त्याने इच्छांचे तीन वर्ग केले: नैसर्गिक आणि आवश्यक, नैसर्गिक पण अनावश्यक, आणि पोकळ. भूक शमवणे पहिल्या वर्गात येते. उत्तम शिजलेला महाग स्टेक दुसऱ्या वर्गात येतो. तो मिळाला तर आनंद घ्यावा, न मिळाला तर दुःख करू नये. ‘सर्वोत्तम जागी जेवलो’ असे इतरांना सांगता यावे ही इच्छा तिसऱ्या वर्गातली आहे. तिला अंत नाही, कारण त्याहून वरची जागा नेहमीच कोणीतरी दाखवतो. ऐषारामाची गरज ज्याला सर्वांत कमी, तोच त्याचा सर्वांत गोड उपभोग घेतो, ही एपिक्युरसची शिकवण महागड्या जेवणाच्या बाबतीत अक्षरशः खरी ठरते.

या सर्व विचारातून निवडीचा एक क्रम तयार होतो. प्रथम श्रेयाचा प्रश्न: हे अन्न घ्यावे काय. मग प्रयोजनाचा: हे जेवण कोणासाठी आणि कशासाठी. मग जाणत्यांचे मत, जेथे ते खरोखर काही सांगू शकते तेवढ्यापुरते. त्यानंतरही दोन पर्याय उरले, तर त्यांतला कोणताही एक घ्यावा आणि दुसऱ्याचा विचार तेथेच संपवावा. अशा टप्प्यावर चूक संभवत नाही, कारण चूक ठरवणारा निकषच शिल्लक नसतो. चँग यांच्या मते तर येथेच माणसाचे स्वातंत्र्य खऱ्या अर्थाने सुरू होते: कारणे जेथे संपतात तेथे तो एका पर्यायाला स्वतःला बांधून घेतो आणि त्या बांधिलकीतूनच त्याला नवे कारण मिळते. घेतलेल्या निर्णयाला मनापासून आपलेसे करणे, हा चांगल्या निवडीचा शेवटचा आणि सर्वांत उपेक्षित भाग आहे. जो निवडलेल्या मेजावर बसून न निवडलेल्या मेजाचा हिशोब मांडत राहतो, त्याला दोन्ही जेवणे गमवावी लागतात.