एकतर्फी स्पर्श

नदीकाठच्या जुन्या घाटाच्या पायऱ्या आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. पिढ्यान्‌पिढ्या अनवाणी पावले त्यांवरून उतरली आणि चढली. पावलांना दगडाचा गारवा लाभला आणि दगडाच्या मधोमध पावलांनी एक उथळ पन्हळ पाडली. पायरीने पाऊल तोलले, पावलाने पायरी झिजविली. ज्याला आपण स्पर्श करतो तेही आपणांस स्पर्श करते, हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे की त्याचा विचार करण्याची गरज आपणांस सहसा भासत नाही. न्यूटनने १६८७ साली गतीचा तिसरा नियम मांडला, तोही प्रत्येक क्रियेस तितकीच आणि उलट दिशेची प्रतिक्रिया असते, असाच आहे. भिंतीवर मूठ आपटणारा मनुष्य हा नियम न वाचताही जाणतो.

पण ज्या जगात हा नियम पाळण्याचे बंधन कोणावरही नाही, असे एक जग माणसाने गेल्या चार दशकांत उभे केले आहे. संगणकावर रचलेल्या चलच्चित्रांचे जग, असे त्यास म्हणता येईल. तेथे पाऊस दगडावर पडतो, धूळ पुतळ्यावर बसते, पाणी भिंतीवर आदळते. आणि दगड, पुतळा व भिंत यांना त्याची वार्ताही नसते. स्पर्श होतो, पण एकाच बाजूला होतो. या एकतर्फी स्पर्शाने माझ्यासारख्या सामान्य कारकुनास काही दिवस अस्वस्थ केले. त्या अस्वस्थतेतून जो प्रश्न निघाला तो वाचकांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

या जगाशी माझा संबंध आला तो कारकुनी वाटेनेच. घरापासून पुष्कळ दूर, उत्तरेकडील एका शहरात, केंद्र सरकारच्या एका कार्यालयात मी नोकरी करतो. नदीकाठच्या काही गावांतील लोकांस बांधाचे प्रयोजन समजावून देण्यासाठी दोन मिनिटांची एक चित्रफीत करून घ्यावी, असे आमच्याकडे ठरले. काम बाहेरच्या एका तरुणाकडे सोपविण्यात आले, आणि ते ठरल्याप्रमाणे झाले आहे की नाही हे पाहून देयकाच्या मंजुरीसाठी टिप्पणी लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. तो तरुण मोठा उमदा होता. माझे कुतूहल पाहून त्याने आपल्या विद्येची अंगे मला उत्साहाने उलगडून दाखविली.

पाणी, धूर, ज्वाला, धूळ यांना ठरीव आकार नसतो, म्हणून त्यांचे चित्र रेषांनी बांधता येत नाही. त्यावरचा उपाय असा की, असंख्य सूक्ष्म कण कल्पावयाचे आणि प्रत्येकास स्थान, वेग, रंग, आकारमान व आयुष्य नेमून द्यावयाचे. विल्यम रीव्ह्ज यांनी लुकासफिल्मच्या संगणक विभागात ही पद्धत योजिली. १९८२ च्या ‘स्टार ट्रेक’ मालिकेतील दुसऱ्या चित्रपटात एका निर्जीव ग्रहावर अग्नीची लाट पसरत जाते, ते दृश्य तिच्या योगे साकार झाले. आणि पुढच्याच वर्षी त्यांनी तिचे शास्त्रीय विवेचन प्रसिद्ध केले. त्या दृश्यात ज्वालांचे कण ग्रहाच्या पृष्ठभागावरून उसळतात, कमानीसारखे वळतात, खाली येतात आणि नेमून दिलेले आयुष्य सरताच नाहीसे होतात.

कण जेव्हा एखाद्या घन वस्तूवर आदळतो तेव्हाचा हिशेबही सोपा आहे. आघाताच्या जागी पृष्ठभागाला लंब असलेली दिशा शोधावयाची आणि कणाच्या वेगाचे दोन भाग करावयाचे. एक त्या लंबाच्या दिशेचा, दुसरा पृष्ठभागाला समांतर. पहिला भाग उलटा फिरवून कमी करावयाचा. तो किती कमी केला यावर कण चेंडूसारखा उसळतो की चिखलासारखा बसतो, हे ठरते. दुसरा भाग घर्षणापुरता घटवावयाचा. झाले! कण वळला. वस्तूसाठी मात्र बहुधा काहीच गणित करावयाचे नसते. ती हलत नाही, झिजत नाही, तापत नाही. जणू तिचे वजन अनंत आहे.

हे लबाडीने केलेले असते असे नाही. लक्षावधी कणांचा हिशेब सेकंदाला २४ किंवा २५ चित्रांसाठी करावयाचा, त्यात प्रत्येक वस्तूवरील उलट परिणामही मोजू लागलो तर वेळ आणि पैसा यांस पुरे पडणार नाही. शिवाय एका कणाने पर्वत कितीसा हलणार? परस्पर परिणाम मोजण्याच्या पद्धती आहेत. जेथे प्रयोजन असते तेथे त्या वापरल्याही जातात. डिस्नेच्या २०१३ मधील ‘फ्रोझन’ या चित्रपटासाठी तेथील तंत्रज्ञांनी आणि लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील गणितज्ञांनी मिळून बर्फाची जी पद्धत सिद्ध केली, तिच्यात बर्फ दबतो, ढेकळे होऊन फुटतो आणि पाऊल उमटलेले राखतो. पण पाऊल मात्र बर्फाने अडत नाही; त्याची चाल आधीच ठरलेली असते, आणि अडखळावयाचे असेल तर चित्रकारानेच अडखळावयाचे.

आता त्या चित्रफितीकडे वळतो. तरुणाने पाण्याचा लोंढा बांधावर सोडला तेव्हा प्रथम एक विलक्षण प्रकार झाला. पाणी भिंतीतून आरपार निघून गेले! कारण त्याने समजाविले ते असे : कण सेकंदाला दहा मीटर वेगाने चालला आहे आणि सेकंदाची २५ चित्रे आहेत, तर दर चित्रागणिक तो चाळीस सेंटिमीटर पुढे सरकतो. भिंतीचा पातळ भाग वीस सेंटिमीटरांचा असेल तर एका क्षणी कण भिंतीच्या अलीकडे असतो आणि पुढच्या क्षणी पलीकडे. भिंतीच्या आत तो गणिताला कधी सापडतच नाही. त्याने प्रत्येक पावलाचे चार तुकडे केले आणि डोळ्यांस न दिसणारी, पण हिशेबापुरती जाड अशी एक भिंत खऱ्या दिसणाऱ्या भिंतीच्या जागी दडविली. पाणी थांबले. हे योग्यच झाले. निसर्गात जे घडत नाही ते गणिताच्या उणिवेने घडत होते, आणि ती उणीव दूर झाली.

त्यानंतर आणखी एक दुरुस्ती झाली. चित्रफितीत पाण्याच्या तीन पातळ्या दाखवावयाच्या होत्या : नेहमीची, मोठ्या पुराची आणि अतिपुराची. तिसऱ्या पातळीस पाणी बांधाच्या माथ्यावरून पलीकडे सांडू लागले. “दृश्य विस्कटलेले दिसते, सर, आणि पाणी भिंतीमागेच राहावे असे वरून सांगितले आहे,” असे म्हणून त्याने कणांची संख्या घटविली. पाणी थांबले. पडद्यावर दोन्ही वेळा एकच दृश्य उमटले : पाणी भिंतीशी येऊन शांतपणे उभे राहिले आहे. मी ते पाहिले आणि टिप्पणीवर ‘काम समाधानकारक आहे’ असे लिहून स्वाक्षरी केली.

माझ्या कार्यालयात एक वयोवृद्ध सहकारी आहेत. त्यांचे गाव कोसी नदीच्या मुलखात आहे. त्यांनी ती फीत एकदा पाहिली आणि एवढेच म्हटले की, पाणी भिंतीला नुसते लागत नाही, ते तिला खाते. त्यांच्याकडे याला ‘कटाव’ म्हणतात. मी त्यांच्या बोलण्याचा शोध घेतला तेव्हा मला माझ्या अज्ञानाची लाज वाटली. १८ ऑगस्ट २००८ रोजी नेपाळातील कुसहा येथे कोसीचा पूर्वेकडील बांध फुटला आणि नदी आपल्या जुन्या पात्रांच्या दिशेने वळली. बिहारातील लक्षावधी माणसे त्या पुरात सापडली. त्या दिवशी नदीला आलेले पाणी बांधाच्या रचनेत गृहीत धरलेल्या कमाल प्रवाहाच्या निम्म्याहूनही कमी होते. म्हणजे पाणी माथ्यावरून सांडल्यामुळे बांध गेला नाही. पाण्याने तो कुरतडला म्हणून गेला. पाण्याने भिंतीला केलेला जो स्पर्श आमच्या चित्रफितीत मोजलाच नव्हता, तोच स्पर्श तेथे निर्णायक ठरला होता.

येथे माझा प्रश्न उभा राहतो. त्या फितीत खोटे नेमके कोठे होते? चित्र खरे नव्हते म्हणून ते खोटे, असे म्हणता येत नाही. तसे म्हटले तर सर्व कलाच असत्य ठरेल. चित्रपटातील ग्रह पेटतो तेव्हा प्रेक्षकांस फसविले असे कोणी म्हणत नाही, कारण ‘कल्पना करा’ असे म्हणूनच ते त्यांच्यापुढे ठेवलेले असते. मग गणितात फेरफार केला म्हणून खोटे म्हणावे, तर पहिली दुरुस्ती हाही फेरफारच होता आणि तो तर चित्राला सत्याच्या जवळ नेणारा होता. दोन्ही दुरुस्त्या त्याच हाताने, त्याच यंत्रावर, ‘दृश्य नीट दिसावे’ याच हेतूने झाल्या. पडद्यावर पाहून त्यांतला भेद कोणासही सांगता आला नसता.

मला वाटते, भेद चित्रात नाही. चित्रासोबत दिलेल्या वचनात आहे. ती फीत नदीकाठच्या माणसाला ‘कल्पना करा’ असे म्हणत नव्हती. ‘असे घडेल’ असे म्हणत होती. तिच्या भरवशावर तो आपली गुरे, आपले धान्य, आपली लेकरे कोठे ठेवावयाची हे ठरविणार होता. जेथे पाहणाऱ्याचा निर्णय चित्रावर अवलंबून आहे, तेथे ‘दिसण्यापुरते सत्य’ पुरेसे होत नाही. पहिल्या दुरुस्तीच्या वेळी आम्ही ‘नदीत हे घडते काय?’ असे विचारले होते. दुसरीच्या वेळी ‘पडद्यावर हे शोभते काय?’ असे विचारले. उत्तर देणारे यंत्र तेच होते, पण प्रश्न बदलला होता, आणि तो बदलल्याचे आमच्या ध्यानातही आले नव्हते.

कोणी म्हणेल की, एवढ्या गुंतागुंतीच्या यंत्रात कोणाकोणाला जबाबदार धरावे? वैशेषिकांनी सृष्टीच्या आरंभी परमाणूंना मिळणाऱ्या पहिल्या गतीचे कारण ‘अदृष्ट’ असे सांगितले. आपण मात्र या कृत्रिम कणांविषयी तसे म्हणू शकत नाही. त्यांची स्वैर वाटणारी उधळणसुद्धा एका बीजसंख्येतून निघालेली असते; तीच संख्या आणि तीच मूल्ये पुन्हा दिली की तोच थेंब त्याच जागी उडतो. त्या जगात प्रत्येक आकड्यामागे कोणा ना कोणाचा हात आहे, आणि आकडा मान्य करणाऱ्याची स्वाक्षरी आहे. शेवटची स्वाक्षरी माझी होती.

तीन दिवसांनी मी दुसरी टिप्पणी लिहिली. तिसरी पातळी मूळ स्वरूपात दाखवावी, आणि चित्र प्रत्यक्ष मोजमापांवर आधारलेले नाही असे आरंभीच लोकांच्या भाषेत सांगावे, असे दोन मुद्दे तीत होते. दुसरा मुद्दा मान्य झाला. पहिल्याच्या बाबतीत तिसरी पातळीच फितीतून गाळण्यात आली. खोटे गेले, पण त्याच्या जागी सत्य आले नाही, रिकामी जागा आली. मी पुढे आग्रह धरला नाही. तो धरावयास हवा होता की नव्हता, याचा निवाडा मी अद्याप करू शकलेलो नाही. आणि ‘माझ्या अधिकारात तेवढेच होते’ हे वाक्य मी मनाशी जितक्या वेळा म्हणतो तितके ते मला कमी पटते.

त्या फितीपासून मला आपल्या जीवनाकडेही निराळ्या दृष्टीने पाहावे लागले. आपण बदलीच्या नोकरीतील माणसे. तीन वर्षे येथे, चार वर्षे तेथे. आपल्या मेजाशी रोज माणसे येऊन आदळतात. आपण त्यांची दिशा बदलतो, काहींचा वेग कमी करतो, काहींना परत पाठवितो. त्यांच्यावर परिणाम होतो. आपल्यावर होऊ नये, अशी आपली व्यवस्था असते. निःपक्षपातासाठी काही अंशी ती आवश्यकही आहे, कारण प्रत्येक अर्जदाराबरोबर वाहून जाणारा मनुष्य न्याय देऊ शकणार नाही. पण न हलणे निराळे आणि न कळणे निराळे. ज्या शहराचे अन्न दहा वर्षे खाल्ले त्या शहराची भाषा भाजीवाल्यापुरतीच शिकावी, शेजारच्या घरातील सुतक आपणांस चौथ्या दिवशी कळावे, आणि गणेशोत्सवात मात्र आपण परमुलखात एकाकी असल्याची खंत करावी, यात एकतर्फी स्पर्शाचेच गणित नाही काय?

ते वयोवृद्ध सहकारी आता निवृत्तीस आले आहेत. सहा वर्षे मी त्यांच्या शेजारच्या मेजावर बसलो. त्यांचे गाव एका पुरात उठून दुसरीकडे गेले होते, हे मला त्या फितीच्या निमित्ताने प्रथमच कळले. मी कधी विचारलेच नव्हते. घाटाची पायरीसुद्धा इतकी कोरडी राहत नाही.