रथ कुठे उभा करायचा

माझी सगळी नोकरी खडकीला दारूगोळा कारखान्यात गेली. त्यामुळे गीतेवरच्या प्रवचनात फळाची आशा न धरण्याचा विषय निघाला की मी जरा चुळबुळतो. तोफगोळ्याचं फळ ड्रॉइंगमध्येच काढलेलं असतं. ते बाजूला ठेवून गोळा बनवता येत नाही.

अशा वेळी मला जॉर्ज किस्त्याकोव्स्की आठवतो. जन्म १९०० सालचा, कीव्ह परिसरातला. कोवळ्या वयात बोल्शेविकांविरुद्ध श्वेत सेनेत लढला, हरल्यावर देश सोडला, बर्लिनला रसायनशास्त्रात डॉक्टरेट केली आणि पुढे हार्वर्डला प्राध्यापक झाला. दुसऱ्या महायुद्धात लॉस अलामॉसच्या अणुबॉम्ब प्रयोगशाळेत प्लुटोनियम बॉम्बच्या स्फोटकांचं काम त्याच्याकडे होतं. प्लुटोनियमचा गोळा चहूबाजूंनी एकाच क्षणी, सारखा दाबला जायला हवा. त्यासाठी भोवती स्फोटकांचे ३२ ओतीव ठोकळे. जुलै १९४५ मध्ये, चाचणीच्या तोंडावर, एक्स-रेत काही ठोकळ्यांमध्ये हवेच्या पोकळ्या दिसल्या. या गृहस्थाने दातांच्या डॉक्टरचं ड्रिल घेतलं, रात्र जागून पोकळीपर्यंत भोकं पाडली आणि वितळलेलं स्फोटक ओतून ती बुजवली. आमच्याकडे पितळी हत्यार जरा जोरात टेकवलं तरी फोरमन अंगावर यायचा! वर प्रयोगशाळाप्रमुख ओपेनहायमरशी पैज: बॉम्ब नाही चालला तर याचा महिन्याचा पगार, चालला तर त्याचे १० डॉलर. बॉम्ब चालला. तीन आठवड्यांनी त्याच रचनेचा बॉम्ब नागासाकीवर पडला.

त्या रात्री त्याच्याकडे सगळं होतं: कौशल्य, एकाग्रता, जिवाची बेफिकिरी. कर्मयोग्याला आणखी काय लागतं? माझी अडचण इथेच आहे.

अर्जुनाने आधी काय मागितलं ते आपण विसरतो. रथ दोन्ही सैन्यांच्या मधोमध ने, कोण कोण उभे आहेत ते मला बघू दे, असं तो कृष्णाला म्हणाला. आजोबा, गुरू, भाऊ दिसले, हातपाय गळाले, आणि मग त्याला फळाची आशा न धरण्याचं उत्तर मिळालं. न बघताच ते उत्तर घेण्याचा अधिकार प्रयोगशाळेतल्या माणसाला कुणी दिला? आमच्या मंडळातले एक निवृत्त कर्नल म्हणतात, ‘अहो, प्रत्येकाने रथ थांबवला तर लढायचं कुणी?’ बरोबर आहे. पण शिपायाला निदान समोरचा माणूस दिसतो.

किस्त्याकोव्स्कीला रथ थांबवायची पाळी १९६० मध्ये आली. तो तेव्हा राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांचा विज्ञान सल्लागार होता. अणुयुद्धाची योजना तपासायला त्यांनी त्याला ओमाहाच्या हवाई मुख्यालयात धाडलं. सोव्हिएत संघ, चीन आणि पूर्व युरोप एकाच योजनेत कोंबलेले, एकेका लक्ष्यावर गरजेपलीकडे बॉम्ब. त्याचा अहवाल ऐकून दुसरं महायुद्ध जिंकलेला तो सेनापतीही हादरला. ती योजना वाचायला आकडेमोड येणारे पुष्कळ होते. पण किस्त्याकोव्स्की स्वतः रणात उभा राहिलेला होता आणि त्या ठोकळ्यांना त्याने स्वतःच्या हाताने भोकं पाडली होती. याचा फरक पडतो असं मला वाटतं.

१९६८ मध्ये व्हिएतनाम युद्धावरून त्याने पेंटॅगॉनशी संबंध तोडले. संन्यास मात्र घेतला नाही. अण्वस्त्रकपातीच्या बाजूचे सिनेटर निवडून यावेत म्हणून झटणाऱ्या संस्थेचा तो पुढे अध्यक्ष झाला आणि १९८२ मध्ये मरेपर्यंत त्याच कामात राहिला. हे सगळं मला पटतं, आवडतंही. ड्रिल हातात असताना त्या रात्री त्याला नागासाकी दिसायला हवं होतं का, याचं उत्तर मात्र त्यातून मिळत नाही.