कळवणारीच्या पाठीशी कोण?

अंगणवाडी सेविका आणि आशाताईंसाठी बालसंरक्षणाचं प्रशिक्षण म्हटलं की पहिलं सत्र कायद्याचं असतं. 2006 चा बालविवाह प्रतिबंधक कायदा, 2012 चा पोक्सो, 2015 चा बाल न्याय अधिनियम. दुसरं सत्र लक्षणांचं: अंगावरचे वळ, एकाएकी गप्प झालेलं मूल, पुन्हा अंथरूण ओलं करू लागलेली मुलगी, ठरावीक माणसाचं नाव निघताच बावरणारा मुलगा. तिसरं सत्र कुणाला कळवायचं याचं. मग चहा, हजेरीपटावर सह्या आणि ग्रुप फोटो. मराठवाड्यातल्या तालुक्यांच्या गावी अशी प्रशिक्षणं मी बरीच वर्षं घेत आले आहे. मूल धोक्यात आहे हे ओळखायला आपण ज्या बायकांना शिकवायला जातो, त्यांना ते बहुधा आपल्याआधीच कळलेलं असतं, असं माझं मत झालं आहे.

दंडघेर मोजण्याचंच बघा. मुलाच्या डाव्या हाताची बाही पार खांद्यापर्यंत वर सरकवायची, खांदा आणि कोपर यांच्या मधोमध पट्टी बसवायची. साडेअकरा सेंटिमीटरच्या आत आकडा आला तर मूल अतितीव्र कुपोषित. हे काम सेविकेच्या हाताला इतकं बसलेलं असतं की तिचं लक्ष पट्टीपलीकडेही जातं. दंडावर उमटलेली बोटं तिला दिसतात, चटक्याचा वाटोळा डाग दिसतो. एखादं पोर बाही वर करूच देत नाही, तेही तिच्या ध्यानात येतं. पोषण ट्रॅकरमध्ये वजन-उंचीला रकाना आहे, या डागाला नाही. डाग तिच्या मनात नोंदला जातो आणि तिथेच राहतो.

तो तिथे का राहतो, हे विचारलं की सभागृहात सगळ्या एकमेकींकडे बघतात. एकदा मागच्या रांगेतल्या एका वयस्क सेविकेने सरळ सांगून टाकलं, ‘‘मॅडम, कागद तुमचा, गाव आमचं.’’ त्यात सगळं आलं. जिच्या घरातलं कळवायचं, ती बाई हिच्या भावकीतली असते. ज्याच्याविरुद्ध कळवायचं, त्याच्या चुलत्याच्या मालकीच्या खोलीत अंगणवाडी भरते. पोक्सोच्या कलम 19 प्रमाणे सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही, हे मी फळ्यावर लिहिते. पण हापशावरच्या कुजबुजीपासून, बंद झालेल्या बोलण्यापासून तिला कुठलंच कलम वाचवत नाही. पाण्यात राहून माशाशी वैर धरायला आपण मानधनावरच्या बाईला सांगतो आहोत, याचं भान प्रशिक्षण घेणाऱ्याने सोडू नये.

मग प्रशिक्षणात शिकवण्याजोगं काय उरतं? माझ्या मते पुष्कळ उरतं, आणि ते लक्षणांच्या यादीपेक्षा मोलाचं आहे. पहिलं म्हणजे, खरं-खोटं करणं हे तुमचं काम नाही. गुन्हा घडल्याची माहिती असेल किंवा घडेल अशी भीती वाटत असेल, तरी कळवायचं, एवढीच कायद्याची अपेक्षा आहे. तपास पोलिसांचा, निवाडा न्यायालयाचा. हे नीट समजलं की बायकांच्या खांद्यावरचं निम्मं ओझं उतरतं. ‘‘उगाच कुणाचा संसार मोडला तर?’’ हा प्रश्न त्यानंतरही येतो, पण त्याची धार कमी झालेली असते.

दुसरं, मुलाचं ऐकायचं कसं. हा सराव आम्ही जोडीने घेतो. एक जण मूल होते, दुसरी सेविका. पहिल्या फेरीत बहुतेक सगळ्या सेविका फौजदार होतात: ‘‘कुणी केलं? कुठं? किती वेळा? आईला का नाही सांगितलंस?’’ मूल झालेली बाई तिसऱ्या प्रश्नाला मान खाली घालते, आणि नाटक असूनही हॉल शांत होतो. दुसऱ्या फेरीत दोनच वाक्यं वापरायची मुभा असते: ‘‘मग काय झालं?’’ आणि ‘‘तू सांगितलंस ते बरं केलंस.’’ ‘‘मी कुणाला सांगणार नाही’’ असं वचन द्यायचं नाही, कारण ते पाळता येणार नाही. मूल जे शब्द वापरेल तेच, त्याच दिवशी, तारीख घालून लिहून ठेवायचे. त्यांना शुद्ध मराठीत बसवायचं नाही. आणि ज्याच्यावर संशय आहे त्याला जाब विचारायला जायचं नाही. तुम्ही परत फिरल्यावर मूल त्याच घरात राहणार असतं.

तिसरी गोष्ट सांगायला अवघड आहे. संशय उताराकडे वाहतो. पारधी वस्तीतलं, पालावरचं, बिगाऱ्याचं मूल मळक्या कपड्यांत दिसलं की हयगय झाल्याची नोंद करायला हात पटकन पुढे होतो. वाड्यातल्या मुलाच्या पाठीवरचे वळ मात्र ‘वळण लावण्या’च्या खात्यात जमा होतात. ऊसतोडीला गेलेले आईबाप दिवाळीच्या सुमाराला पोराला आजीजवळ ठेवून जातात, ते त्याची शाळा बुडू नये म्हणून. ती आबाळ नव्हे. त्या मुलाला हंगामी वसतिगृह आणि आजीला आधार हवा. पण त्याच घरातली चौदा वर्षांची मुलगी किशोरींच्या बैठकीला यायची बंद झाली आणि कोयत्याला जोडी हवी म्हणून तिचं लग्न ठरल्याची चर्चा असली, तर तो धोका आहे, आणि ग्रामसेवकाला त्याच दिवशी कळायला हवा, कारण बालविवाह प्रतिबंधक अधिकारी तोच आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी 21.9 टक्के जणींची लग्नं अठराच्या आत झालेली आढळली. इतकी लग्नं काही चोरून लागत नाहीत. त्यांना मांडव असतो, पत्रिका असते, जेवणावळ असते. गरिबी आणि धोका यांतला फरक ओळखणं हे या कामातलं सगळ्यात बारीक कसब, आणि आमच्या वेळापत्रकात त्याला सगळ्यात कमी वेळ असतो.

एवढं सगळं शिकून सेविकेने फोन उचलला, असं धरू. पलीकडे कोण आहे? इथे आमच्या प्रशिक्षणांची बाजू लंगडी पडते. कळवणारीला शिकवलं जातं, ऐकणाऱ्याला क्वचितच. ‘‘आधी घरच्यांना घेऊन या’’ म्हणणारा ठाणे अंमलदार, ‘‘शाळेचं नाव जाईल’’ म्हणणारे संस्थाचालक, ‘‘बसून मिटवू’’ म्हणणारे सरपंच यांच्यासाठी चहा-बिस्किटांची कार्यशाळा सहसा ठेवली जात नाही. वास्तविक ग्राम बाल संरक्षण समितीचे अध्यक्ष सरपंचच असतात. कायदाही वरच्यांनाच जास्त जबाबदार धरतो: माहिती दडवणाऱ्या सामान्य माणसाला सहा महिन्यांपर्यंत, तर संस्थेच्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका वसतिगृहातल्या आदिवासी मुलींवरील अत्याचाराच्या प्रकरणात, माहिती असूनही न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2022 मध्ये स्पष्ट केलं. त्यानंतर दोन वर्षांच्या आत बदलापूरच्या शाळेतलं मुलींवरील अत्याचाराचं प्रकरण घडलं. तिथे चिमुकल्या मुलींनी घरी सांगितलं होतं, पालकांनी त्यांच्यावर विश्वास ठेवला होता, ते ठाण्यातही गेले होते. गुन्हा नोंदवायला मात्र तासन्‌तास लागले. 20 ऑगस्ट 2024 रोजी लोक रुळांवर उतरले, पोलीस अधिकारी निलंबित झाले, वेळेत कळवलं नाही म्हणून शाळेतल्या जबाबदार व्यक्तींवर गुन्हा दाखल झाला. लक्षणं ओळखता आली नाहीत म्हणून तिथे काही अडलं नव्हतं. ओळखून, बोलून, दार ठोठावूनही दार उघडलं नाही, म्हणून अडलं.

कळवलेल्या गोष्टीचं पुढे काय झालं हे सेविकेला कुणी सांगत नाही. पोलिसांनी 24 तासांत बाल कल्याण समितीला कळवायचं असतं. पण जिने सुरुवात केली तिला कुणी दोन ओळी लिहीत नाही. एकदा असा अनुभव आला की पुढच्या वेळी तिची नजर दंडावरून पट्टीच्या आकड्यावर परत येते. त्यासाठी तिला बोल लावण्याचा हक्क आपल्याला नाही.

म्हणून माझं मागणं साधं आहे. यापुढच्या प्रत्येक प्रशिक्षणात निम्म्या खुर्च्या ऐकणाऱ्यांसाठी ठेवा: बीटचे हवालदार, मुख्याध्यापक, पर्यवेक्षिका, सरपंच, पोलीस पाटील. त्यांनाही जोडीने बसवून ‘‘मग काय झालं?’’चा सराव करायला लावा. कळवणारीचं नाव गावात फुटणार नाही, याची जबाबदारी एका अधिकाऱ्यावर नावानिशी टाका, आणि पुढे काय झालं ते तिला सांगा. हे वाचणाऱ्यांनीही कायद्याचा एक तपशील ध्यानात ठेवावा. कळवण्याचं कर्तव्य कलम 19 ने सेविका, शिक्षक किंवा डॉक्टर यांच्यापुरतं ठेवलेलं नाही, ते प्रत्येकावर टाकलं आहे. शेजारच्या भिंतीपलीकडून रोज रात्री मुलाचं रडणं ऐकू येत असेल, तर 1098 फिरवण्यासाठी कुठल्याच प्रशिक्षणाची वाट पाहू नका.