कागदावर नसलेला आकडा

नंबरचा कागद हातात पडला की चष्म्याचं मुख्य काम झालं, असं आपण धरून चालतो. मग फोनवर फ्रेम निवडायची, आपल्याच फोटोवर ती चढवून बघायची, आकडे भरायचे, आणि कोपऱ्यावरच्या दुकानापेक्षा कितीतरी स्वस्तात चष्मा घरपोच. यात वावगं काही नाही. दुकानांत फ्रेमवर किती नफा सुटतो, याचा अंदाज गिऱ्हाइकालाही आलेला आहे.

आकडे भरता भरता एक रकाना येतो : पी.डी. म्हणजे दोन डोळ्यांच्या बाहुल्यांमधलं अंतर. मोठ्या माणसांत ते साधारण ५४ ते ७४ मिलिमीटरच्या दरम्यान असतं. नंबरच्या कागदावर ते बहुतेक वेळा लिहिलेलंच नसतं, कारण ते मोजायचं ते चष्मा बनवणाऱ्याने. मग कुणी आरशासमोर पट्टी धरून उभा राहतो, कुणी सरासरी आकडा टाकून मोकळा होतो.

समजा, अंतर ५८ आहे आणि काचा ६४च्या हिशेबाने घासल्या गेल्या. प्रत्येक काचेचं केंद्र बाहुलीपासून ३ मिलिमीटर बाहेर सरकलं. नंबर उणे एक असेल तर फारसं बिघडत नाही. उणे सहा असेल तर मात्र ती काच नुसती काच राहत नाही, लोलकाचंही, म्हणजे प्रिझमचंही, काम करू लागते. हिशेब सोपा आहे : नंबर गुणिले सेंटिमीटरमधली चूक. सहा गुणिले ०.३, म्हणजे दर डोळ्यामागे १.८ प्रिझम. तेही अशा दिशेने, की दोन प्रतिमा एक करायला डोळ्यांना बाहेरच्या बाजूला ओढ घ्यावी लागते. डोळे नाकाकडे सहज वळतात. बाहेर वळायची त्यांची ताकद बेताचीच. संध्याकाळी कपाळ ठणकतं आणि दोष जातो ऑफिसच्या कॉम्प्युटरला.

सिलिंड्रिकल नंबरची गोष्ट आणखी नाजूक. त्याचा अ‍ॅक्सिस, म्हणजे कोन, भरताना १५ च्या जागी ४५ पडलं, तर ३० अंशांच्या त्या फरकाने जेवढा दोष घालवायचा होता तेवढाच नव्या कोनात डोळ्यांसमोर शिल्लक राहतो. उणेचं चिन्ह भरायचं विसरणारेही आहेतच.

प्रोग्रेसिव्ह, म्हणजे एकाच काचेत लांबचा आणि वाचायचा नंबर असलेल्या, चष्म्याबद्दल मात्र माझं मत ठाम आहे : तो चेहरा न बघता बनवू नये. चांगला चष्मेवाला आधी फ्रेम नाकावर नीट बसवतो, काडी गरम करून कानामागचा बाक जुळवतो. मग समोर त्याच पातळीत बसून ‘सरळ माझ्याकडे बघा’ म्हणतो आणि नमुन्याच्या काचेवर बाहुलीसमोर पेनाने खूण करतो. वाचायचा नंबर कुठून सुरू व्हावा, हे त्या खुणेवरून ठरतं. ती दोन-चार मिलिमीटर वर गेली तर समोरचा रस्ता धूसर, खाली गेली तर पेपर वाचायला हनुवटी उचलून बसा. हे काम बिलात वेगळं दाखवलेलं नसतं, म्हणून ते फुकटचं वाटतं.

खरी पंचाईत पुढेच आहे. अचूक बनलेला नवा चष्माही पहिले काही दिवस त्रास देतो, जमीन वर-खाली झाल्यासारखी वाटते. त्यामुळे ‘सवय होईल’ हे उत्तर खरंही असू शकतं आणि चूक झाकणारंही. घातलेल्या माणसाला दोन्हींतला फरक आतून कळत नाही. लहान मुलाला तर मुळीच नाही. ते चष्मा दप्तरात ठेवून देतं आणि घरचे त्याला हट्टी म्हणतात. फरक सांगतं ते दुकानातलं लेन्सोमीटर. त्याखाली चष्मा धरला की काचेचा खरा नंबर, अ‍ॅक्सिस आणि केंद्र काही मिनिटांत समोर येतं. ऑनलाइन मागवलेला चष्मा परत करायची मुदत संपायच्या आत तो तिथे नेता येतो. चष्मेवाला थोडा कुरकुरेल, दुसरीकडून घेतलेला चष्मा तपासायचे पैसे मागेल. ते द्यावेत.